उंबरडोह आणि तीन रिकाम्या बाटल्या

"डोह खुला करायचा का न्हाई, ते तू येऊन सांग. रविवारी सभा लावलीय." बबनकाकांचा फोन एवढाच होता. मी शुक्रवार-शनिवारची रजा टाकली, प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकडून सोमवारी सकाळी मशीनवर नऊ नमुन्यांची जागा मागून घेतली आणि गुरुवारी संध्याकाळी पुण्याहून हिंगोलीची स्लीपर बस धरली.

सामान असं होतं: तपकिरी काचेच्या सहा बाटल्या, चिखलासाठी रुंद तोंडाच्या तीन बरण्या, बर्फाची पेटी, हातमोजे, लेबलं, दोन जोड कपडे. बॅगेच्या तळाशी पोहण्याचे कपडेही होते. ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मी पाणी तपासण्याचं काम करते. लोक बाटल्या आणून देतात, मी आकडे परत देते. पाणी कुठल्या गावचं, हे लेबलवर लिहिलेलं असतं. काठावर झाड कुठलं आहे, हे नसतं. उंबरडोहाच्या काठावर उंबर आहे. त्याचं एक मूळ पाण्यात उतरलेलं आहे आणि त्या मुळाला धरून मी सात वर्षांची असताना पोहायला शिकले. एका बाजूला माझे वडील, दुसऱ्या बाजूला त्यांचे मित्र बबनकाका. बाबा आरोग्य सेवक होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. पुण्यात मी दोन तलावांचे पास काढून पाहिले. दोन्ही वेळा महिनाभरात सोडून दिले.

गाव कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरपासून जवळ. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या गावानं जे केलंय ते अजून पूर्ण झालेलं नाही, आणि अर्ध्या कामाची प्रसिद्धी त्यांना नको आहे. ओढा गावाला वळसा घालून पुढे कयाधू नदीला मिळतो. दोन्ही काठांना हळद, सोयाबीन, कापूस. दोन वर्षांपूर्वी फवारणीच्या दिवसांत डोहात मासे उलटे तरंगले. काकांनी बाटली भरून पाठवली, मी तपासली. त्यात दोन कीटकनाशकं सापडली.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कारखान्याचा नळ नदीत सोडलेला असेल तर कायदा त्या नळाशी जाऊन उभा राहू शकतो: नमुना घ्या, मर्यादा तपासा, नोटीस द्या. शेतातून येणाऱ्या औषधाला नळ नसतो. गावभरची शेतं, घरोघरचे पंप आणि एक पाऊस. नोटीस कुणाच्या नावानं काढणार? म्हणून गावानंच नियम केला. फवारणीचा पंप ओढ्यावर भरायचा नाही आणि तिथं धुवायचाही नाही. त्यासाठी गावाबाहेर सिमेंटचा ओटा, टाकी, आणि खाली माती, कडबा व शेणखताचा खड्डा. धुतलेलं पाणी त्या खड्ड्यात मुरतं आणि तिथले जिवाणू औषध हळूहळू तोडतात. औषधाच्या रिकाम्या बाटल्या ड्रममध्ये. नियम मोडणाऱ्यानं खड्ड्यातला कडबा स्वतः बदलायचा. आणि पाणी स्वच्छ आल्याशिवाय डोहात माणूस, म्हैस, धुणं, काही नाही. राखणीला बबनकाका. ते ग्रामपंचायतीचे जलरक्षक, म्हणजे गावच्या विहिरींत जंतू मारायचं औषध टाकणं आणि नळ सोडणं हे त्यांचं रोजचं काम.

शुक्रवारी सकाळी औंढ्याला बस थांबली. देवळाकडे जाणाऱ्या भाविकांच्या रांगेला लागून चहाची दुकानं आहेत. चहा गोड असतो, कमी साखरेचा मागितलात तर तुमच्या तब्येतीची चौकशी होते. हिंगोलीत उतरून आखाडा बाळापूरची एसटी घेतली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे या फेऱ्यांना बायका जास्त आणि गप्पाही जास्त. शेजारच्या मावशींनी माझ्या पेटीवर बोट वाजवलं.

"काय हाय बाई? गारेगार विकतीस का?"

"रिकाम्या बाटल्या आहेत. पाणी भरून पुण्याला न्यायच्या आहेत."

मावशींनी सगळ्या बसला ऐकू जाईल असं कंडक्टरला सांगितलं, "आयका वो! पुण्याचं पाणी सरलं. आता हिंगोलीहून नेऊन राहिले."

"नेऊ द्या," कंडक्टर म्हणाला. "पेटीचं तिकीट काढलं न्हाई, तेवढं पाण्याचं तरी काढा."

कळमनुरीनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळद लागते. डिसेंबरात तिची पानं कडेनं पिवळी पडायला लागलेली असतात. मी पावणेदोन वर्षांनी येत होते आणि खिडकीतून प्रत्येक ओढ्याच्या पुलावर वाकून पाणी बघत होते. सवय आहे. रंग, फेस, वास. बाळापूरच्या बाजारात कोल्ड्रिंकवाल्याकडे दुसऱ्या दिवशीचा बर्फ सांगून ठेवला. तिथून गावापर्यंत काळीपिवळी जीप. ती भरली की सुटते.

आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, दारातच उभी होती. जयभीम झाला, पाय धुतले, आणि पुढ्यात ताट आलं: ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, ठेचा. या दिवसांत या भागात आलात तर सोल्याची ही आमटी सोडू नका. हॉटेलात मिळत नाही, कुणाच्या तरी घरी जावं लागतं. जेवून मी उठले आणि म्हणाले, "डोहाकडे जाऊन येते."

"आज न्हाई," आत्या म्हणाली. "बबन सांगून गेला, उद्या सकाळी. आज तिकडं येऊ देऊ नको म्हणला."

"काहून?" तिथं गेलं की माझ्या तोंडात हा शब्द आपोआप येतो.

"मला काय ठाऊक. लई खुशीत होता."

मी ओटा बघायला गेले. तो दोन वर्षांत वापरून काळा पडला होता. मला ते बघून बरं वाटलं. खड्ड्यातला कडबा ओला, मऊ, कुजत आलेला, जसा हवा तसा. दत्ताभाऊ तिथं पंप धुवत होते. गावातल्या सगळ्यात जास्त म्हशी त्यांच्या.

"आली का साहेबीण?" ते मान वर न करता म्हणाले. "दोन वर्सं झाली, म्हशीला बादलीनं आंघोळ घालून राहिलो. म्हैस मला विचारते, माझा डोह कुठं गेला म्हणून. काय सांगू तिला?"

"सांगा, उद्या नमुना घेणार आहे."

"तुझ्या नमुन्यानं तिची पाठ भिजंल का?"

पण पंप त्यांनी तीनदा धुतला, आणि पाणी खड्ड्यातच सोडलं.

शनिवारी सकाळी सातला बबनकाका दारात हजर. पांढरा धुतलेला सदरा. वाटेत ते माझ्यापुढे चालत होते, वयाच्या मानानं भरभर. हवा गार होती. उंबर दिसण्याआधी मला वास आला.

हा वास मी झोपेतसुद्धा ओळखीन. क्लोरीन. मी थांबले. काठावरच्या दगडांवर पांढरी पूड वाळून बसली होती. उंबराच्या मुळाशी, जिथं पाणी संथ असतं तिथं, बोटभर मासोळ्या पोट वर करून साचल्या होत्या. दोन वर्षांनी डोहात परतलेली पिलावळ असावी. पाणी मात्र नितळ होतं. तळाचा दगड न् दगड दिसत होता. लहानपणीसुद्धा ते इतकं नितळ नव्हतं.

काकांनी खिशातून एक प्लास्टिकची डबी काढली. ती मी ओळखली. बाबांची ओटीची डबी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: एक छोटी काचनळी आणि ऑर्थोटोलिडिन, म्हणजे ओटी, या औषधाची ड्रॉपर-बाटली. नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे, म्हणजे विहिरीत औषध पडलंय आणि पाणी प्यायला चालेल. बाबा या डबीसह गावोगाव फिरले. काकांना ही तपासणी त्यांनीच शिकवली.

काकांनी नळी डोहात बुडवली, थेंब टाकले, आणि उन्हाकडे धरली. हळदीसारखं पिवळं.

"बघ," ते म्हणाले. "पास! एकदम बराबर. पंचायतीचं दोन पोती टीसीएल टाकलं परवा. तू एवढ्या लांबून येणार, पाणी नापास झालं तर तुझीबी तकलीफ आणि आमचीबी."

मी पेटी खाली ठेवली. त्यांना वाटलं, मी बाटल्या काढते आहे.

आता जे लिहिते ते नीट वाचा, कारण सगळं इथंच आहे. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर जंतू मारते. शेतातली औषधं तिनं नाहीशी होत नाहीत. उलट त्यातल्या काहींचं ती रूप बदलते, आणि बदललेलं रूप कधी कधी मूळ औषधाहून जास्त विषारी असतं. माझं मशीन मात्र मूळ रूपच शोधतं. म्हणजे मी त्या क्षणी डोहाच्या पाण्यानं तीन बाटल्या भरल्या असत्या, तर सोमवारी अहवाल बहुधा कोरा आला असता. "आढळले नाही." खाली माझी सही. डोह खुला. काकांनी गावाला दिलेला शब्द राखला गेला असता, दत्ताभाऊंच्या म्हशी भिजल्या असत्या, आणि आठवडाभरात क्लोरीन उडून गेल्यावर मी मूळ धरून पाण्यात उतरू शकले असते. बॅगेच्या तळाशी काय आहे, ते मला आठवत होतं. सामानात क्लोरीन निष्प्रभ करणारं औषध होतं, पण ते पुढचं थांबवतं; झालेलं परत आणत नाही.

पाणी फार सुंदर दिसत होतं. तेही लिहून ठेवते.

"काका, हे पाणी घेता येणार नाही," मी म्हणाले, आणि कारण सांगितलं. सोप्या शब्दांत, एकेक पायरी. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग त्यांनी मासोळ्यांकडे पाहिलं.

"म्हंजे ह्या म्या मारल्या?"

"हो."

उत्तर बरोबर होतं. इतक्या लवकर द्यायला नको होतं.

ते खाली बसले. नळी अजून हातात होती. ते म्हणाले, "तुझ्या बापानं शिकवलं तेच केलं गं मी. पिवळं आलं की पास. तीस वर्सं तेच करून राहिलो."

चूक अर्धी माझी होती. येण्याआधी मी त्यांना सूचना पाठवल्या होत्या: कोणत्या दिवशी, किती वाजता, बाटल्यांना हात लावू नका, त्या आठवड्यात कुणी कुठं काय फवारलं ते विचारून ठेवा. पाण्यात काही टाकू नका, हे लिहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात ते आलंच नाही. बाबांच्या डोक्यात नक्की आलं असतं. तपासायला माणूस येणार म्हटलं की गाव विहिरीत आदल्या दिवशी औषध टाकतं, हे त्यांना पाठ होतं.

"चिखल घेऊ," मी म्हणाले. ही औषधं गाळाला चिकटून राहतात. गाळ हा डोहाची जुनी वही असतो, आणि अगदी वरच्या पातळ सायीखाली क्लोरीन सहसा पोचत नाही. ओढ्याचं पाणी डोहाच्या वर, पुलाजवळून घ्यायचं. तिथवर पावडर गेलेली नव्हती. त्यानं वरच्या शेतांचं कळलं असतं. डोहाच्या पाण्याचं नाही.

काकांनी घरून नळाच्या पाईपचा तुकडा आणला, बांबूला बांधला. डोहाचा मधला गाळ हवा होता, म्हणून उंबराच्या मुळावर उभं राहून पुढं वाकावं लागणार होतं. मी हातमोजे घातले. काकांनी न विचारता माझं डावं मनगट पकडलं.

ती पकड तशीच होती. अंगठा नाडीवर. सात वर्षांची असताना याच जागी त्यांनी ते मनगट धरलं होतं आणि पाण्यातून बाबा म्हणत होते, "सोड रे बबन, येईल ती." आणि हे सोडत नव्हते. मी पाईप खाली दाबला. गाळ मऊ लागला, मग घट्ट. वर ओढला तेव्हा पाण्यावर गढूळ वर्तुळ उठलं आणि तळ दिसेनासा झाला. माझ्या बाहीला पाणी लागलं. क्लोरीनचं, थंड. कोपरापर्यंत. या वेळी डोहात मी एवढीच भिजले.

तीन बरण्या गाळ: वरची साय काढून टाकली, मग वरचा थर आणि खालचा वेगवेगळा भरला. पुलाजवळच्या तीन बाटल्या. उरलेल्या तीन बाटल्यांची लेबलं मी आधीच लिहून आणली होती: उंबरडोह, एक, दोन, तीन. त्या तशाच पेटीत ठेवल्या.

परतताना काकांनी विचारलं, "बाप असता तर काय म्हणला असता?"

"हसले असते," मी म्हणाले. "मग तुम्हाला शिव्या दिल्या असत्या."

"आधी शिव्या," काका म्हणाले. "हसला मागून असता." ते पहिल्यांदा थोडे सैल झाले.

रविवारी दहाला ग्रामपंचायतीपुढे सभा बसली. मी सगळं मांडायला उठणार तेवढ्यात काका उठले. टोपी काढून हातात घेतली.

"डोह यंदा खुला करतो असा शब्द मी दिला होता. तो मीच घालवला. पाणी पास व्हावं म्हणून टीसीएल टाकलं, न् मासे मेले. फवारणीवाल्याचा काई दोष न्हाई. माझा हाय. नियमात बसतं ते करा."

मग दत्ताभाऊ माझ्याकडे वळले. "मंग साहेबीण, पाणी चांगलं का वाईट?"

"आज सांगता येणार नाही."

"दोन वर्सं थांबलो, न् उत्तर काय? सांगता येणार न्हाई! एवढं शिकून काय उपेग झाला?"

माझ्या मागून आत्याचा आवाज आला. "खोटं सांगायला शिकायला लागत न्हाई, दत्ता. ते तर तूबी सांगतूस, दूध घालताना."

सभा हसली. दत्ताभाऊही हसले, पण जरा उशिरा. मी उठून सूचनांमधली माझी चूक सांगितली. मग बोलणं झालं, भांडण झालं, त्यात एकाच्या बांधाचा जुना विषयही निघाला, आणि शेवटी ठरलं: नियम चालू राहील. डोह बंद राहील. पाण्यात कुणी काहीही टाकणार नाही, औषधसुद्धा नाही, देवाचं निर्माल्यसुद्धा नाही. आणि बबनरावांनी नियमाप्रमाणे खड्ड्यातला कडबा बदलायचा.

दुपारी निघण्याआधी मी ओट्याकडे गेले. काका फावड्यानं जुना कडबा काढत होते. पलीकडून दत्ताभाऊ नव्या पेंढ्या फेकत होते.

"म्हशी सोडून आलाय का?" मी विचारलं.

"त्या घरी आंघोळीच्या रांगेत हायेत," ते म्हणाले.

काकांनी हात पुसून खिशातून ओटीची डबी काढली आणि माझ्यापुढे धरली. "घेऊन जा. बापाची वस्तू हाय. माझ्या हातात राहिली तर अजून काई करून बसंन."

मी ती उघडून पाहिली. झाकणाच्या आत बाबांच्या अक्षरात गावांची नावं होती, बॉलपेननं, काही पुसट झालेली. आमचं गाव सगळ्यात वर. पूर्वी त्या डोहावर कुणी कुठं उतरायचं याचा नियम होता, आणि आमच्या वस्तीला खालचा काठ होता. पाण्यात काय सोडायचं याचा नियम नव्हता. बाबा आरोग्य सेवक झाले तेव्हा डबी घेऊन ते आधी वरच्या काठावर उतरले होते. हे मला काकांनीच सांगितलेलं. त्या दिवशी बाबांबरोबर काकाच उतरले होते.

मी झाकण लावून डबी परत दिली. "विहिरींना लागेल. उद्या सकाळी नळ सोडायचाय ना?"

परतीचं सांगायचं तर: बाळापूरहून हिंगोली, पेटीत नवा बर्फ, संध्याकाळची बस. जाताना वेळ असेल तर औंढ्याचं देऊळ सकाळी लवकर बघा. गर्दी कमी असते आणि दगड गार असतो. आमच्या गावाचा पत्ता मागू नका. डोह सध्या बंद आहे.

सोमवारी नमुने मशीनवर लागले. निकाल आला तो असा: पुलाजवळच्या पाण्यात काही आढळलं नाही, म्हणजे आमचं मशीन जेवढं बघू शकतं तेवढ्यात नाही. गाळात दोनपैकी एक औषध वरच्या थरात नव्हतं, खालच्या जुन्या थरात होतं. दुसरं दोन्हींत होतं, वर खालच्यापेक्षा कमी. ओटा आणि खड्डा काम करत आहेत, असं मी यावरून म्हणेन. डोह स्वच्छ झाला, असं म्हणणार नाही. मी काकांना फोन केला.

"पास का नापास?" त्यांनी विचारलं.

"कमी झालंय, काका. अजून आहे."

पलीकडून विहिरीच्या मोटारीचा आवाज येत होता. "मंग बंदच ठेवतो," ते म्हणाले. "पावसाळा गेला की परत ये. त्या वक्ताला म्या हात बांधून उभा राहीन."

"हात मोकळे ठेवा," मी म्हणाले. "मनगट धरायला लागतील."

मी फोनवर असं बोलत नाही सहसा.

घरी येऊन बॅग रिकामी केली. चिखलाचे बूट धुतले, हातमोजे टाकले. उजव्या बाहीला अजून क्लोरीनचा वास होता. तो कुर्ता दोनदा धुवावा लागला. तीन रिकाम्या बाटल्यांची लेबलं काढली नाहीत. तारीख तेवढी खोडून ठेवली.

तळाशी पोहण्याचे कपडे होते तसेच होते, कोरडे, घडी न मोडलेले. ते कपाटात ठेवायला उचलले, आणि परत बॅगेत ठेवून चेन लावली.